निळ्या दोऱ्याचा चमचा

एक

चमचा गेला.

तुम्ही म्हणाल, गेला तर गेला, त्यात काय एवढं? घरोघरी दर वर्षी दोन-चार चमचे जातात आणि ते कुठे गेले हे विचारायला कुणी पोलिसात जात नाही. पण हा चमचा शुक्रवारी सकाळी खिळ्यावर दिसला नाही, आणि न्यूझीलंडमधल्या अप्पर हटच्या एका शांत गल्लीत एक्क्याण्णव वर्षांच्या इरेना क्लाईनबाईंनी पुढ्यातली न्याहारी तशीच बाजूला सारली. त्यांच्या चौसष्ट वर्षांच्या मुलानं, पीटरनं, घर डोक्यावर घेतलं. आणि बाईंची देखभाल करणाऱ्या सांगलीच्या ऋचाच्या डोळ्यांपुढे मुंबईचं एकतर्फी तिकीट नाचायला लागलं.

राजाराम वर्तकांच्या कानावर हे शनिवारी सकाळी आलं. त्यांची मुलगी सुखदा इथे फार्मसिस्ट. तिच्याकडे ते सहा महिन्यांसाठी आले होते आणि त्यातले चार त्यांनी खिडकी ते दार, दार ते खिडकी करण्यात घालवले होते. मुंबईच्या मोठ्या पोस्टात, रिटर्न लेटर ऑफिसात, चौतीस वर्षं नोकरी झालेला माणूस. ज्या पत्राचा पत्ता लागत नाही ते तिथे उघडायचं आणि आतल्या चार ओळींवरून धनी हुडकायचा. 'पिंपळाजवळचे काळ्या म्हशीवाले तात्या' एवढ्या पत्त्यावर आपण लग्नपत्रिका पोचवली, असं ते सांगत. म्हशीचा रंग दर वेळी बदलायचा, एकदा तर तिची रेडी झाली होती. तात्या मात्र कायम तेच.

"काका, तुम्ही हरवलेलं शोधता ना?" ऋचा दारातूनच म्हणाली. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले होते. हट नदीच्या खोऱ्यातला वारा माणसाला धड उभं राहू देत नाही. "मग शोधा. सोमवारी दहाला एजन्सीची मॅडम येतेय. पीटरनं लेखी कम्प्लेंट दिली की जॉब गेला. आणि माझा व्हिसा त्याच जॉबला बांधलाय."

"आत तर ये."

"बसवत नाही हो. कालपासून नुसती फिरतेय. माझी बॅग उलटी केली त्यांनी, काका. डब्यातली चटणीसुद्धा हुंगून बघितली."

"बाबा, तुम्ही यात पडू नका हं," सुखदा आतून म्हणाली. "तुम्ही व्हिजिटर आहात."

"व्हिजिटरच आहे मी," राजाराम बूट चढवत म्हणाले. "व्हिजिट करून येतो."

इरेनाबाईंकडे ते दर गुरुवारी जात. रेवदंड्याला शेजार शनवारतेल्यांचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचा. त्यामुळे बाईंच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा दाराच्या चौकटीवरची, ज्यूंच्या घरी असते ती लहानशी तिरकी डबी बघून त्यांना गावी आल्यासारखं वाटलं होतं. परवाच्या गुरुवारीही ते तिथेच होते. म्हणजे चमचा गेला तो त्यांच्या नाकाखालून. हे त्यांना चावत होतं.

वाटेत ऋचा थांबली. "एक सांगायचं राहिलं. मी त्या चमच्याचा फोटो काढला होता. आईला पाठवायला. पीटरला तो माझ्या फोनमध्ये सापडला."

दोन

इरेनाबाई स्वयंपाकघरात बसल्या होत्या आणि रिकाम्या खिळ्याकडे बघत होत्या.

"मिस्टर राजा," त्या म्हणाल्या, "ही मुलगी चोर नाही. मी माझ्या आयुष्यात चोर पाहिलेत. ते गणवेशात आले होते आणि त्यांनी पावती दिली होती."

चमच्याची हकीकत राजारामांना ठाऊक होती, पण बाईंना पुन्हा सांगू दिली. सांगणारा नवीन काय सांगतो यापेक्षा कुठे अडतो ते बघायचं, ही ऑफिसातली सवय. स्लोवाकियातल्या एका गावात बाईंच्या आईचं स्वयंपाकघर होतं. त्यात भांड्यांची दोन कुटुंबं. एक मांसाचं, एक दुधाचं. त्यांची भेट होऊ द्यायची नाही, भांड्यातही नाही आणि पोटातही नाही, धर्माची आज्ञाच तशी. हा चमचा दुधाच्या कुटुंबातला, म्हणून दांड्याला निळा दोरा. चव्वेचाळीस साली आई, वडील आणि धाकटा भाऊ रेल्वेत चढवले गेले आणि परत आले नाहीत. अकरा वर्षांची इरेना एका शेतकऱ्याच्या गवताच्या माळ्यावर हिवाळाभर लपून राहिली, पायमोज्यात हा चमचा खुपसून. एकोणपन्नास साली ती वेलिंग्टनला उतरली तेव्हा सामान म्हणजे एक कोट आणि तो चमचा. मग ओटो भेटला. दोघांनी इथे कॉफीचं आणि राईच्या पावाचं दुकान काढलं. सुरुवातीला गिऱ्हाईक तो काळा पाव हातात घेऊन विचारायचं, हा खातात की भिंतीत बसवतात?

"देवाचं आणि माझं फारसं बोलणं नाही," बाई म्हणाल्या. "मी डुकराचं सोडून सगळं खाते, कसंही खाते. पण चमच्याचा काय दोष? तो आईकडे जसा होता तसा राहील. ऐंशी वर्षं त्यानं दूध आणि दही सोडून काही चाखलं नाही. मंगळवारी म्युझियमचे लोक न्यायला येणार होते. मी आहे तोवर त्याचं कुणीतरी आहे. मी गेल्यावर?" इथे त्या अडल्या.

पीटर दारात उभा होता. उंच, लाल कानांचा, हातात किल्ल्या खुळखुळवणारा.

"मेट, सरळ गोष्ट आहे," तो म्हणाला. "गुरुवारी घरात पाच जणं. मॉम, मी, तुम्ही, हेलेन आणि ही. हेलेन गल्लीतली, मॉमची साठ वर्षांची मैत्रीण. मग उरलं कोण?"

"मीही उरतो," राजाराम म्हणाले. "माझी चटणी नाही हुंगायची?"

पीटर हसला नाही. राजारामांनी गुरुवार आठवून बघितला. पीटरनं सगळ्यांसाठी मिन्स ऑन टोस्ट केलं होतं, म्हणजे बीफचा खिमा टोस्टवर. गुरुवार पाळणारे राजाराम जॅम-टोस्टवर राहिले होते.

"खिमा कशानं ढवळलात?"

किल्ल्यांचा खुळखुळाट थांबला. "चमच्यानं."

"कुठल्या?"

"चमचा म्हणजे चमचा! लाकडी चमचा सिंकमध्ये होता, हाताला आला तो घेतला." आणि पीटरचे कान आणखी लाल झाले.

इरेनाबाईंनी हळूच मान वळवून मुलाकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर परवडला असता.

"मला माहीत नाही तो कुठला होता," पीटर खालच्या आवाजात म्हणाला. "मी घाईत होतो. नंतर तो पातेल्यातच राहिला असेल. पण मी तो फेकला नाही, मॉम. डस्टबिन मी स्वतः उपसली."

म्हणजे हा ओरडत होता तो स्वतःवर, आणि शिव्या खात होती ऋचा. "भांडी कुणी घासली?" राजारामांनी विचारलं.

"मी उठले होते," ऋचा म्हणाली, "पण हेलेनबाई म्हणाल्या, तू दमलीस, बस. त्यांनीच सगळं आवरलं. मी सहाला गेले."

राजाराम सिंकपाशी गेले. बसणं त्यांना तसंही जमत नव्हतं. साबणाच्या वडीमागे, फरशीला चिकटून, काहीतरी निळं होतं. त्यांनी ते नखानं उचललं. दोरा. कापलेला नाही, तुटलेला नाही. जुनी गाठ चिकाटीनं सोडवलेला, आणि घडी घालून ठेवलेला.

मागच्या दाराची पायरी मोकळी हवा घ्यायला बरी होती. ते तिथे उभे राहून दोऱ्याकडे बघत राहिले. चोर चमचा खिशात घालतो आणि चालू लागतो. गाठ सोडवायला बसणारा चोर त्यांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. त्यांची नजर खाली गेली. पायरीच्या कोपऱ्यात, शेवाळाच्या मधोमध, थाळीएवढं गोल स्वच्छ वर्तुळ होतं. काहीतरी तिथे वर्षानुवर्षं होतं, आणि आता नव्हतं.

तीन

हेलेन वॉर्ड चार घरं पलीकडे राहायच्या. वय एकोणनव्वद, कंबरेत वाक, गळ्यात चांदीचा क्रॉस. युद्धात बोटीनं आलेल्या पोलिश अनाथ मुलांतल्या त्या एक. इथल्याच पाहिआटुआ गावच्या छावणीत वाढल्या, मग जॅक वॉर्ड नावाच्या रेल्वेतल्या माणसाशी लग्न केलं, तीन मुलं, सात नातवंडं. चर्चमधली फुलं गेली चाळीस वर्षं त्याच लावायच्या.

"किया ओरा, मिस्टर राजा! या, या. मी आत्ताच पाय खाल्ला. कोपऱ्यावरच्या डेअरीतला. तुम्हाला चहा?" पाय म्हणजे इकडची खिमा भरलेली कचोरी, आणि डेअरी म्हणजे वाण्याचं दुकान.

"चहाला नाही म्हटलं तर मला रेवदंड्यात परत घेणार नाहीत."

खिडकीत कुंड्यांची रांग होती. पानं, फुलं, लाल, गुलाबी. बाईंनी त्यांच्या कपात दूध ओतलं, स्वतःच्या कपाशी दुधाचं भांडं नेलं, आणि तसंच खाली ठेवलं. काळा चहा प्यायला लागल्या.

राजारामांना चहाच्या बाबतीत बारकावे आठवायचे, बाकी नातेवाइकांची नावंही विसरायचे. दर गुरुवारी बिस्किटांबरोबर या बाई चहात एवढं दूध घालत की तो खिरीसारखा दिसे. परवाच्या गुरुवारी मात्र काळा घेतला होता. तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं, बाईंचं पोट बिघडलं वाटतं.

"दूध नाही घेत?"

"पाय खाल्लाय ना," बाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि कप बशीवर जरा जोरात आदळला. "पचत नाही. म्हातारपण."

"गुरुवारी भांडी तुम्ही घासलीत."

"हो."

"चमचा दिसला होता?"

बाईंचा हात क्रॉसकडे गेला. तो त्यांनी साखळीवर इकडून तिकडे सरकवला, पुन्हा इकडे आणला. "भांडी खूप होती. मला आठवत नाही." मग उठून त्यांनी खिडकी उघडली, मग बंद केली, मग पडदा नीट केला जो नीटच होता. राजारामांना आरशात बघितल्यासारखं झालं. असं भिरभिरणं त्यांना ओळखता येत होतं. त्यांचं रिकामपणाचं होतं. हे भीतीचं होतं.

ते निघाले तेव्हा बाई दारापर्यंत आल्या.

"त्या मुलीला खरंच परत पाठवतील?"

"सोमवारी दहाला ठरेल."

"घरातून उचलून?" बाई म्हणाल्या. आवाज लहान मुलीचा झाला होता. "नुसतं नावावरून?"

चार

ते नदीकाठी गेले. सुखदाचा फोन दोनदा वाजला, दोनदा त्यांनी तो खिशातच दाबला. पाणी दगडांवरून धावत होतं आणि राजाराम पाण्याच्या बरोबरीनं.

दोरा, खिमा, काळा चहा. तीन पाकिटं, तिन्ही बिनपत्त्याची. पण अक्षर एकाच हाताचं वाटत होतं.

आणि पुलाखाली त्यांना मोठीबाय आठवली.

रेवदंड्याला शेजारच्या मोझेसकाकांची आई. तिच्या अंगणात अनंताच्या झाडाच्या बुंध्यापाशी एकदा राजारामला जमिनीतून सुरीची मूठ वर आलेली दिसली. आठ वर्षांच्या पोराला जमिनीतून सुरी उगवलेली दिसली तर तो काय करेल? त्यानं ती उपटली. मोठीबायनं पाठीत असा धपाटा घातला की पुढे राजाराम सांगायचे, तो आवाज मुरूडला ऐकू गेला. "मेल्या, सूनबाईनं दुधाची सुरी मटणाला लावली म्हणून मातीत ठेवलीय! तीन दिवस माती खाऊन ती शुद्ध होते. आता पुन्हा पहिल्यापासून मोजायचं!"

राजाराम पुलाखाली थांबले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचे पाय जागच्या जागी राहिले.

चमच्याला मांस लागलं. भांडी घासणाऱ्या हातांनी ते बघितलं. त्या हातांनी विचार केला नाही. दोरा सोडवला, जपून ठेवला आणि चमचा मातीत खोचला. जवळात जवळची माती कुठे? मागच्या पायरीवर.

त्यांनी ऋचाला फोन लावला. "पायरीवर काय होतं गं? गोल, जड?"

"जेरेनियमची कुंडी, काका. लाल. ती ना, शुक्रवारी दुपारी हेलेनबाई घेऊन गेल्या. सुकतंय म्हणाल्या. का हो?"

"सुकत होतं?"

"छे! मी रोज पाणी घालते. हेल्दी होतं एकदम."

राजारामांनी फोन बंद केला. चमचा मिळाला होता. पण त्याच्यामागून दुसरंच काहीतरी वर येत होतं आणि ते उपटायचा त्यांना धीर होईना. ही चाल शिकवून येत नाही. पुस्तकात वाचून कुणी सिंकपाशी असं करत नाही. ती ज्याच्या आजीच्या, आईच्या घरात घडते, त्याच्याच हातात उतरते. मग चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या, क्रॉस घालणाऱ्या हेलेन वॉर्डच्या हातात ती आली कुठून?

पाच

रविवारी सकाळी ते गेले तेव्हा हेलेनबाई चर्चला गेलेल्या नव्हत्या. जेरेनियम टेबलावर होतं आणि बाई त्याच्यासमोर बसल्या होत्या, राखण करत असल्यासारख्या.

राजारामांनी काही विचारलं नाही. मोठीबायची गोष्ट सांगितली. धपाट्यासकट, आणि या खेपेला आवाज अलिबागपर्यंत नेला. गोष्ट संपली तेव्हा बाई हसत होत्या आणि रडतही होत्या.

"माझी आजी कुंडीत ठेवायची," त्या म्हणाल्या. "खिडकीत. मी चार-पाच वर्षांची असेन. घराचा नंबर आठवत नाही, आजीचा चेहरा आठवत नाही. ती कुंडी आठवते."

मग एकेक करून आलं. पूर्व पोलंड. चाळीस साली रशियनांनी गावं उचलून उत्तरेला नेली, बर्फात, लाकडं तोडायला. तिथे वडील गेले. नंतर पोलिश अनाथांना दक्षिणेकडे सोडायला सुरुवात झाली तेव्हा यादी होत होती आणि ज्यूंच्या मुलांना यादीतून गाळतात असं छावणीत सगळे बोलत होते. आई तापानं फणफणलेली. तिनं कुणा मेलेल्या बाईच्या गळ्यातला क्रॉस काढून पोरीच्या गळ्यात घातला. म्हणाली, तुझं नाव हेलेना. झोपेत विचारलं तरी हेलेना. मी सांगेपर्यंत कुणाला दुसरं सांगू नकोस.

"ती सांगायला आली नाही," बाई म्हणाल्या. "मग मी कसं सांगणार? जॅकला नाही सांगितलं. मुलांना नाही. इरेना एवढी उघडपणे सगळं बोलते, शाळांमधून जाते, मुलांना सांगते. मी तिच्या शेजारी बसून चहा पिते. साठ वर्षं."

"आणि गुरुवारी?"

"चमचा पातेल्यात होता, खिम्यात बुडालेला. इरेना बाहेर हसत होती. मला वाटलं, तिला कळलं तर ती मोडेल. हात आपोआप चालले. म्हटलं, रविवारी काढू, दोरा बांधू, खिळ्याला लावू, कुणाला कळायचं नाही. शुक्रवारी सगळे शोधायला लागले. कुणीतरी कुंडी उपसेल म्हणून मी ती घरी आणली. मग त्या मुलीचं नाव निघालं." त्यांनी क्रॉस मुठीत धरला. "मी सांगायला उठते आणि दारातून परत फिरते. लाज नाही वाटत मला? वाटते. एका मुलीला घालवतात, आणि मी तोंड शिवून बसलेय."

राजाराम उठले, खिडकीपर्यंत गेले, परत आले.

"आमच्या ऑफिसात एक नियम होता," ते म्हणाले. "पत्र उघडायचं ते धनी शोधण्यापुरतं. आत काय होतं ते बायकोलाही सांगायचं नाही. तुमचं पत्र मी परत चिकटवतो. चमचा द्या. तो कुठे सापडला ते मी सांगतो. थापा मारण्यात मी कुणाला हार जाणार नाही."

"आत्ता नाही देता येणार." बाईंनी कुंडीभोवती हात घातला. "तीन दिवस पुरे व्हायचेत. मी चारला खोचला होता."

एवढ्या गोंधळात बाई तास मोजत होत्या!

"बरं," राजाराम म्हणाले. "चारला द्या. मी तिकडे सगळ्यांना बसवून ठेवतो."

सहा

चार वाजून वीस मिनिटं झाली आणि हेलेनबाईंचा पत्ता नव्हता.

इरेनाबाईंच्या स्वयंपाकघरात चौघं बसले होते. खरं तर तिघं. राजाराम उभे होते. पीटर किल्ल्यांशी खेळत होता, ऋचा ओढणीचं टोक पिळत होती. उद्या दहा वाजायला पुरते अठरा तासही उरले नव्हते आणि राजारामांच्या खिशात चमचा नव्हता.

"तर हा पुकेको," ते म्हणाले. नदीकाठचा निळा पक्षी, लाल चोचीचा. "साधा पुकेको नाही. कोंबड्याएवढा. गुरुवारी संध्याकाळी तो मागच्या दारातून आत आला. मी म्हटलं, येऊ दे, भुकेला असेल..."

"बंद दारातून?" पीटर म्हणाला.

"उघडून. चोचीनं. त्यांना चमकणारं आवडतं. नदीकाठी त्याचं घरटं, घरट्यात तीन किल्ल्या, एक रबरी चप्पल, एका माणसाची कवळी..."

"काका," ऋचा मराठीत पुटपुटली, "प्लीज. कवळी नको."

"मिस्टर राजा," इरेनाबाई म्हणाल्या, "चमचा कुठे आहे?"

"येतोय. घरट्यातून निघालाय." त्यांनी पुकेकोला नदीपार नेलं, एका मेंढीवर बसवलं, परत आणलं. आता त्याला काय करायला लावावं ते सुचेना, आणि तेवढ्यात दार वाजलं.

हेलेनबाई वाऱ्यातून आत आल्या. दोन्ही हातांत जेरेनियमची कुंडी. लाल फुलांच्या मधून चमच्याचा दांडा वर आलेला.

राजारामांनी डोळ्यांनी खूण केली: मी सांभाळतो, गप्प राहा. "हा बघा! पुकेकोनं तो बरोबर कुंडीत..."

"पुरे," हेलेनबाई म्हणाल्या. "त्या पाखरावर कशाला आळ? एका पोरीवर घेतला तेवढा बास." त्यांनी कुंडी टेबलावर ठेवली, इरेनाबाईंच्या पुढ्यात. या खेपेला त्या परत फिरल्या नाहीत. "मी घेतला. पीटरनं तो मांसाला लावला होता. म्हणून."

किल्ल्या थांबल्या. ऋचानं राजारामांकडे बघितलं. राजारामांनी जमिनीकडे.

इरेनाबाई कुंडीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी एक बोट पुढे केलं आणि मातीला टेकवलं, चमच्याच्या अगदी जवळ.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"माझी आई एकच दिवस ठेवायची."

"मग तुझ्या आईला माहीत नव्हतं," हेलेनबाई म्हणाल्या. "तीन असतात."

"एक!"

"तीन, इरेना. माझी आजी..." आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर त्या थांबल्या.

मग इरेनाबाईंनी समोरची खुर्ची पायानं बाहेर ढकलली.

"बस. साठ वर्षं तू पाय खाल्लास की काळा चहा पितेस. माझ्याच घरात. मी काय आंधळी आहे?"

"तुला माहीत होतं?"

"मला काय माहीत असणार? मी वाट बघत होते. जे दार आतून लावलेलं असतं ते बाहेरून ठोठावायचं नाही, हे मी त्या माळ्यावर शिकले." त्यांनी हेलेनबाईंचा मातीनं माखलेला हात धरला. "नाव काय तुझं?"

हेलेनबाईंनी पहिल्यांदा दाराकडे बघितलं. दार बंद होतं. आत चौघंच होते, त्यातला एक थापाड्या आणि एक सांगलीची.

"खाया," त्या म्हणाल्या. आणि पुन्हा, जरा मोठ्यानं, "खाया."

पीटरला निम्मं कळलं, पण आपण काय केलं ते पूर्ण कळलं. तो ऋचापाशी गेला. "तुझी बॅग," तो म्हणाला. "मी... सॉरी. माझ्या हातून गेला असेल अशी भीती वाटली, म्हणून मी तुझ्यावर ओरडत होतो."

"चटणीचं पण सॉरी म्हणा," ऋचा म्हणाली, आणि मग रडली.

तो बाहेर ओट्यावर जाऊन एजन्सीच्या मॅडमच्या फोनवर निरोप ठेवायला लागला. उद्या येऊ नका, चूक माझी, मुलगी सोन्यासारखी आहे. राजाराम खिडकीतून प्रत्येक शब्द ऐकत होते. एक वाक्य त्यांनी त्याला पुन्हा म्हणायला लावलं.

आत इरेनाबाईंनी चमचा मातीतून काढला, गरम पाण्याखाली धरला, पुसला. राजारामांनी खिशातून निळा दोरा काढून दिला. बाईंनी तो घेतला नाही. "तिला द्या," त्या म्हणाल्या. "तिची बोटं तरुण आहेत." ऋचानं गाठ मारली, आमच्याकडे राखीला मारतात तशी, सुटणार नाही अशी.

"मंगळवारी म्युझियमवाले येतील, मॉम," पीटर परत येत म्हणाला.

"त्यांना सांग, चमचा वापरात आहे." किटली शिट्टी घालू लागली होती. इरेनाबाईंनी दोन कप मांडले, चहा ओतला आणि दुधाचं भांडं हातात घेऊन थांबल्या.

"खाया, आज पाय खाल्लास?"

"नाही."

"नक्की?"

"सकाळपासून काहीच नाही खाल्लं."

मग बाईंनी तिच्या कपात दूध ओतलं, भरपूर, आणि आईच्या चमच्यानं ढवळलं.

राजाराम खुर्चीवर बसले. त्यांना वाईट एवढंच वाटत होतं की मेंढीवर बसलेल्या पुकेकोचं पुढे काय झालं, ते कुणी विचारलंच नाही.